तोंड आल्यावर लावायची जाईची फिल्म: प्रयोगशाळेतली कृती

तोंड आले की जाईची पाने चावायची हा जुना उपाय. पण रस लाळेबरोबर लगेच पोटात जातो. फिल्मने, म्हणजे तोंडात चिकटणाऱ्या पातळ पापुद्र्याने, तोच अर्क जखमेवर धरून ठेवायचा. गोव्यात जायांची फुले केसांत नि देवाला जातात, पाने हवी तेवढी मिळतात.

पाने सावलीत वाळवा. जून ते सप्टेंबरात मात्र सावलीत वाळण्याआधी बुरशी धरते, तेव्हा ४० अंशांच्या ओव्हनमध्येच ठेवा. ५० ग्रॅम भरड पूड ७० टक्के इथेनॉलच्या ५०० मि.लि.मध्ये तीन दिवस भिजवून, अधूनमधून हलवून गाळा. वॉटर बाथवर ५० अंशांच्या आसपास आटवा. इथेनॉलचा वास उरला तर आटवणे अपुरे आहे. जखमेवर ते झोंबेल.

आता हिशेब. ९ सें.मी. व्यासाच्या पेट्री डिशचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौ.सें.मी. २×२ सें.मी.च्या तुकड्यात १० मि.ग्रॅ. अर्क हवा असेल, तर डिशमध्ये १६० मि.ग्रॅ. घाला. क्षेत्रफळाच्या गणिताने १६ तुकडे होतात, पण गोलातून चौकोन १२च निघतात, आणि काठ जाड असल्याने भरवशाचे मधले ६.

एका डिशसाठी एचपीएमसी ई१५ (फिल्म बनवणारी सेल्युलोजची पूड) ४५० मि.ग्रॅ., सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातला चिकट पदार्थ) १५० मि.ग्रॅ., ग्लिसरीन १५० मि.ग्रॅ. आणि एकूण २० मि.लि. डिस्टिल्ड पाणी. वजनातली चूक कमी व्हावी म्हणून पाच डिशचे मिश्रण एकदम करा. विहिरीचे पाणी नको: त्यात कॅल्शियम असले तर अल्जिनेटच्या गाठी होतात. जिलेटिनही टाळा; पानांतले टॅनिन त्याला धरून साका बसवते, शिवाय ते वनस्पतिजन्य नाही.

एचपीएमसी थंड पाण्यात टाकली तर बाहेरून चिकट, आतून कोरडे गोळे होतात. एक तृतीयांश पाणी ८० अंशांपर्यंत तापवून त्यात ती पसरवा, मग थंड पाणी घालून ढवळा. अल्जिनेट वेगळ्या पाण्यात चिमटीचिमटीने भुरभुरवा. अर्क खलात ग्लिसरीनबरोबर घोटून मिसळा, नाहीतर हरितद्रव्याचे हिरवे पट्टे उमटतात. मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. बुडबुडे आपोआप वर येतात. घाईने ओतलेल्या फिल्मला हमखास भोके पडतात.

डिश सपाट आहे ना ते स्पिरिट लेव्हलने पाहा, ओता आणि ४० अंशांवर साधारण २४ तास वाळवा. ६० अंशांवर वर साय धरते, आत पाणी अडकते आणि कडा गुंडाळतात. फिल्म सोलताना तडकली तर ग्लिसरीन थोडे वाढवा. बोटाला चिकटली तर कमी करा, पण त्याआधी हवेतला दमटपणा पाहा. पावसाळ्यात चांगली फिल्मही टेबलावर तासाभरात लिबलिबते. सोलल्या सोलल्या बटर पेपरमध्ये घालून सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) टाका.

तपासण्यांत पृष्ठभागाचा पीएच आधी बघा: थेंबभर पाण्याने ओली केलेली फिल्म पीएच पट्टीवर ६ ते ७ दाखवायला हवी. मग जाडी पाच ठिकाणी मोजा (०.१ मि.मी.च्या आसपास), एकाच रेषेवर ३०० घड्या घालून तुटते का पाहा आणि ६.८ पीएचच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ३७ अंशांवर बोकडाच्या गालाच्या ताज्या अस्तरावर ती किती वेळ टिकते ते नोंदवा. फोलिन-सिओकाल्टो पद्धतीने (रंगाच्या गडदपणावरून) अर्कातले फिनॉल मोजताना तुलनेसाठी अर्काविना केलेली फिल्मही सोबत चालवा.

नैतिक समितीच्या परवानगीशिवाय ही कुणाच्या तोंडात लावू नका. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण फिल्मचा विषयच नाही. तो गोव्यातल्या बांबोळीच्या दंत महाविद्यालयात दाखवा.