गाडी पाणी खाते? आधी पट्टी घ्या, पाना नंतर

मी ज्या गाडीवर जुनं इंजिन शिकले, तिचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, मी विनाकारण उतरवलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी चढ्या आवाजात बोलले तर का ते कळेल.

गाडी 1986 ची प्रीमियर पद्मिनी, साताऱ्याच्या एका निवृत्त गुरुजींची. तक्रार एका वाक्याची: "रोज सकाळी पाणी घालावं लागतं." मी तेव्हा पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या गॅरेजात नवी होते. त्याआधी आयटीआय, मग चार वर्षं एका सर्व्हिस सेंटरात नव्या गाड्या. स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा, बाटलीवरची खूण बघून कूलंट भरायचं. पद्मिनीला स्कॅनर लावायला जागा नसते हे कुणालाही माहीत असतं. त्या गाडीला कूलंटची बाटलीही नव्हती. ते मला दिसलं होतं, पण त्याचा अर्थ काय होतो हे डोक्यात आलं नाही.

मंडळींची ओळख एका ओळीत: रेडिएटर पाणी निववतो, वॉटर बॉडी म्हणजे पाणी फिरवणारा पंप, थर्मोस्टॅट इंजिन तापेपर्यंत पाणी अडवतो, आणि हेड पॅकिंग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील.

तर मी काय पाहिलं? खाली फरशी कोरडी. होजपाइप कोरडे. तरी रोज सकाळी पाणी खाली. बाहेर जात नाही म्हणजे आत जातंय, असा हिशोब मी केला. वर ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दुधाळ, चिकट साय. म्हणजे पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, हेड पॅकिंग गेलं. झालं, निकाल लागला. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर दोन्ही धातू वेगवेगळे फुगतात, मध्ये पॅकिंग चेंगरतं, आणि जुन्या पाण्याने ॲल्युमिनियम कुरतडलेलंही असतं. हे सगळं खरं आहे. म्हणून तर माझी चूक इतकी पटण्यासारखी होती.

हेड उतरवलं. लेथवाल्याकडून फेसिंग करून, म्हणजे तळ सपाट करून आणलं. नवं पॅकिंग, नट मधून बाहेरच्या क्रमाने टॉर्क पान्याने कसले. रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, गाडी फिरवून आणली, रात्रभर ठेवली. सकाळी टोपण उघडलं, पाणी बोटाच्या सव्वा पेरभर खाली. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. आणि मी काय केलं? परत गळ्यापर्यंत भरलं.

इथे थांबा. हा भाग नीट वाचा, बाकीचा चाळला तरी चालेल.

पाणी तापलं की फुगतं. 20 अंशांचं पाणी 90 अंशांवर गेलं की साधारण साडेतीन टक्के जास्त जागा मागतं. इंजिन आणि रेडिएटर मिळून पाच लिटर पाणी धरा. साडेतीन टक्के म्हणजे पावणेदोनशे मिली, कटिंगचे जवळजवळ दोन ग्लास. गळ्यापर्यंत भरलेल्या रेडिएटरमध्ये हे दोन ग्लास जाणार कुठे? टोपणातली स्प्रिंग दाबली जाते, जास्तीचं पाणी गळ्याच्या बाजूच्या बारीक नळीतून खाली पडतं. कुठे पडतं? चालत्या गाडीतून रस्त्यावर. म्हणून तुमची फरशी कोरडी. रात्री इंजिन निवतं, पाणी आकसतं, आणि बाटली नसल्यामुळे नळीतून आत परत येते ती हवा. सकाळी पातळी खाली. तुम्ही भरता, गाडी ओकते. परत भरता, परत ओकते. गळती कुठेच नाही. गळती तुमच्या हातातल्या तांब्यात आहे.

नव्या गाडीत हेच पाणी बाटलीत जातं आणि निवल्यावर शोषून परत येतं, म्हणून तिथे रेडिएटर कायम काठोकाठ असतो. मी ती सवय घेऊन आले होते. गुरुजीही तेच करत होते, फक्त त्यांना वाटायचं आपण गाडीची काळजी घेतोय.

बाटली नसलेली जुनी गाडी स्वतःची पातळी स्वतः ठरवते. एकदा भरा, फिरवा, निवू द्या, आणि मग भरू नका. हे "भरू नका" फार जड जातं. पाणी कमी दिसत असताना हात आवरणं हेच या कामातलं पहिलं कसब आहे असं मला वाटतं. रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाळीच्या नळ्यांची तोंडं पाण्याखाली आहेत ना, एवढं बघा. ती बुडालेली असतील तर घाबरायचं कारण नाही. उघडी पडली असतील तर मात्र भरा, आणि मग खरोखर शोधायला लागा.

हे मला आमच्या गॅरेजातल्या उस्तादांनी सांगितलं. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनींवर त्यांची तीस वर्षं गेलेली. ज्या कुर्ल्यात त्या गाड्या बनायच्या तिथूनच त्यांची सुरुवात. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा ते दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. तर दुसऱ्यांदा मी स्टूल ओढून हेडचे नट सैल करायला बसले, तेव्हा ते आले आणि विचारलं, "पोरी, सकाळी किती घालतेस?" म्हटलं, "गळ्यापर्यंत." ते हसले. मग म्हणाले की मी पहिल्यांदा हेड उतरवायला घेतलं तेव्हाच त्यांना शंका आली होती.

याचा मला अजून राग आहे. चुकल्याशिवाय शिकत नाही वगैरे ठीक, पण फेसिंगचे आणि पॅकिंगचे पैसे गुरुजींच्या पेन्शनमधून गेले. शिकवायचं असेल तर गिऱ्हाइकाच्या खिशावर शिकवू नये. उस्ताद निवडताना मी आता एकच बघते: गाडी आल्यावर तो आधी काय उचलतो. पाना उचलणारा हुशार असेलही. फडकं उचलून इंजिन पुसणारा आणि मग "कधीपासून? थंड असताना की गरम?" असं विचारणारा मला बरा वाटतो. आमचे उस्ताद फडकंवालेच होते, फक्त तोंड उशिरा उघडायचे.

त्या दिवसापासून शाळेची पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी माझ्या खिशात असते. रोज सकाळी, गाडी पूर्ण थंड, सपाट जागा, टोपण उघडायचं, गळ्याच्या काठापासून पाण्यापर्यंत मोजायचं आणि वहीत लिहायचं. कालचे किलोमीटरही लिहायचे. पद्मिनीची माझी पहिली पानं अशी: गळ्यापर्यंत भरून 38 किलोमीटर, दुसऱ्या सकाळी 32 मिलिमीटर खाली. मग काही न घालता 34. परत 34. परत 34. हे तीन चौतीस बघून मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

आणि ती दुधाळ साय? पावसाळा होता, गुरुजी मंडईपर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत यायचे. ऑइल पुरतं तापायचंच नाही, आतली वाफ झाकणाला थंडावून बसायची. झाकणाखालच्या सायीवर विश्वास ठेवू नका, डिपस्टिक काढा. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ काळं-तपकिरी असेल आणि त्याची पातळी वाढलेली नसेल तर हेडकडे लगेच बोट दाखवायची घाई नको.

पॅकिंग खरंच गेलेलं असतं तेव्हा गाडी तुम्हाला फार वेळ अंधारात ठेवत नाही. थंड इंजिन, टोपण उघडं, स्टार्ट करा: पहिल्या मिनिटापासून गळ्यात बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतोय. वरचा होजपाइप इंजिन तापायच्या आधीच दगडासारखा कडक होणं हेही तेच. चार प्लग ओळीत मांडून बघा. एक धुऊन काढल्यासारखा पांढरा, बाकीचे तपकिरी, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकत्र पडलेलं असेल तर पॅकिंगची त्या दोघांमधली पट्टी फुटली समजा. निळ्या द्रवाची तपासणी मिळते, रेडिएटरच्या तोंडावर धरायची, जळका वायू असला तर पेट्रोल गाडीत निळ्याचं पिवळं होतं. ही सगळी मिळून एक तास लागतो. हेड उतरवून परत बसवायला माझे दोन दिवस गेले होते.

टोपणाबद्दल थोडं. स्वस्त वस्तू, म्हणून कुणी बघत नाही. टोपण पाण्यावर दाब धरतं, तो दर चौरस इंचावर किती पौंड असा मोजतात. दर पौंडामागे उकळायचा बिंदू साधारण दीड अंशाने वर सरकतो. सात पौंडाचं टोपण म्हणजे दहा-अकरा अंशांची उसंत. पुण्यात उघडं पाणी 98 च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला त्याहून दोन-अडीच अंश आधीच. घाटात स्प्रिंग मेलेलं टोपण असेल तर गाडी पाणी फेकणारच, इंजिन निरोगी असलं तरी. आणि सातच्या जागी पंधरा पौंडाचं टोपण घालणाऱ्याला गॅरेजात उभं करू नका. जुन्या पितळी रेडिएटरचे डाख त्या दाबाला बनलेले नसतात. गरम टोपण उघडू नका हेही लिहायला हवं का? माझ्या डाव्या मनगटावर डाग आहे, म्हणून लिहिते.

शॉर्टकट. हळद, अंडं, गळती बंद करायची पावडर, हे सगळं मी पाहिलंय. हळदीने रस्त्यात अडकलेला ट्रक घरी पोचतो, मान्य. पण ती हळद जाळीच्या बारीक नळ्यांत बसते, आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून तुम्हीच तिला परत आणता. थर्मोस्टॅट काढून फेकणं हा दुसरा आवडता उपाय. माझ्या मते तो उपाय नाही, आळस आहे. इंजिन कायम थंड चालतं, ऑइलमध्ये ओल साठते, पेट्रोल जास्त जातं. बोअरचं पाणी घालून वर्षभर चालवणारेही त्याच रांगेत.

आता गंमत ऐका. वहीत नवव्या दिवशी 34 चं 41 झालं, दहाव्याला 47. म्हणजे एक छोटी, खरी गळती होतीच! माझ्या मूर्खपणाखाली ती दडलेली. फरशी तेव्हाही कोरडी. दाबाचा पंप मागून आणला, थंड इंजिनावर सात पौंड भरले, काटा दहा मिनिटांत पाचावर. टॉर्च घेऊन अर्धा तास बसले, काही नाही. शेवटी वॉटर बॉडीच्या खालच्या बाजूला बोट फिरवलं. तिथे एक बारीक भोक असतं, सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं, बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून. बोट ओलं. वॉटर बॉडी थंड असताना झिरपायची, तापली की सील फुगून बंद व्हायचं. जे थोडं यायचं ते वाऱ्याने मागे उडून गरम ब्लॉकवर वाळायचं. ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर पांढुरक्या क्षाराची करवतीसारखी रेघ होती. ती मी पहिल्या दिवसापासून बघत होते आणि जुना मळ समजत होते. इंजिन आधी पुसलं असतं तर दुसऱ्या सकाळी ती रेघ ताजी दिसली असती.

सील आणि बेअरिंग बदललं. भरताना गाडीचं नाक चढाला ठेवलं, हवा अडकू नये म्हणून. हेही लक्षात ठेवा: आत हवा राहिली किंवा पाणी फारच कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि तापमानाचा काटा खाली राहतो, तुम्ही निश्चिंत, इंजिन भाजतंय. आणि जुनं कूलंट काढाल ते उघड्या घमेल्यात ठेवू नका, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

एकवीस दिवस 34. गुरुजींना बोलावलं, पट्टी दिली, कुठे मोजायचं ते दाखवलं, सगळी फुगण्याची गोष्ट सांगितली. त्यांनी मास्तरसारखी मान हलवली आणि पेन काढून हातावर "34" लिहून घेतलं. हेडच्या खर्चाचं मी बोलले, मजुरी परत करते म्हणाले. ते काही बोलले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन. "अगं, गाडी एकदम उत्तम. जरा कमी दिसलं म्हणून गळ्यापर्यंत भरून घेतलं."