फिटिंगने रोड बाइक किती बदलते?

संभाजीनगरहून निघून दौलताबादचा घाट चढताना गुडघा कुरकुरायला लागतो, वेरूळहून परतताना करंगळीला मुंग्या येतात, आणि दोष सायकलच्या माथी मारला जातो. पुष्कळदा सायकल उत्तम असते, सीट तेवढी सेंटीमीटरभर खाली असते. हलक्या चाकांवर पैसे घालण्याआधी फिटिंग करून घ्या, म्हणजे सीट आणि हँडल आपल्या अंगाच्या मापाने बसवून घ्या. शंभर किलोमीटरच्या राइडमध्ये फरक अंगाला कळतो.

सुरुवात सीटच्या उंचीपासूनच करा, कारण पुढची सगळी मापं तिच्यावर ठरतात. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. जाड पुस्तकाचा कणा जांघेत वर घट्ट दाबा, सीटवर बसल्यावर जाणवतो तेवढा, आणि कण्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. त्याला 0.883 ने गुणा. 80 सेंमी आलं तर उत्तर 70.6 सेंमी. बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचे दांडे, म्हणजे क्रँक, जिथे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीट ट्यूबच्या (फ्रेमच्या सीटखालच्या नळीच्या) रेषेत, हे अंतर ठेवा. हा आकडा फक्त सुरुवातीचा आहे. क्रँकची लांबी आणि बुटाचा तळवा यांनी तो थोडा बदलतो. म्हणून सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पायडल मारायच्या स्टँडवर) लावा आणि मोबाइलवर बाजूने व मागून व्हिडिओ घ्या. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा वाक हवा. मागून बघताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट उंच आहे. गुडघ्याच्या वाटीपुढे दुखत असेल तर ती बहुधा खाली आहे, मागच्या खोबणीत दुखत असेल तर वर. एका वेळी 3 मिमीच हलवा आणि दोन-तीन राइड थांबा.

मग सीट पुढे-मागे. क्रँक आडवे धरा, पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून गवंड्याचा ओळंबा सोडा. दोरी पायडलच्या आसावर यावी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे हँडल लांब वाटलं की सीट पुढे ओढणं. त्याने सीट पायडलजवळ येते, म्हणजे ती खाली केल्यासारखंच होतं, आणि गुडघा पुन्हा दुखतो. हँडल लांब असेल तर स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, बदला: 100 मिमीच्या जागी 90 किंवा 80.

करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर आधी सीटवर गवंड्याची लेव्हल ठेवून पाहा. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो.

एवढं करूनही दुखत असेल तर व्यावसायिक फिटरकडे जा, त्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी. क्लीटचा (बूट पायडलमध्ये अडकवणाऱ्या, तळव्याला लावलेल्या तुकड्याचा) कोन, दोन पायांतला फरक, कमरेची लवचिकता हे आपलं आपल्याला दिसत नाही. रोजचे बूट आणि पॅडेड शॉर्ट्स सोबत न्या, आणि शेवटी सगळी मापं लिहून घ्या.

घरी आल्यावर सीटपोस्टवर (सीटच्या दांड्यावर) टेपची खूण करा. कार्बन पोस्टला ग्रीस नको, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट लावा आणि क्लॅम्पवर छापलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळा. धातूच्या फ्रेममधल्या ॲल्युमिनियमच्या पोस्टला मात्र ग्रीस हवंच; आपल्या उन्हाळ्यात घामाचं मीठ आत उतरून पोस्ट फ्रेममध्ये जाम होतो.

फ्रेमच दोन साइज मोठी असेल तर मात्र कुठलाही फिटर फार काही करू शकत नाही. जुनी रोड बाइक घेताना रंग आणि गिअरच्या आधी फ्रेमची साइज विचारा.