निळा साल्व्हिया नागपूरच्या उन्हाळ्यातून कसा जगवावा

नागपुरात निळा साल्व्हिया हिवाळ्यातील मोसमी फुलझाड म्हणून विकला जातो आणि मार्चमध्ये तुरे विरळ झाले की बहुतेक जण तो उपटून कुंडी मोकळी करतात. हे चूक आहे. तुळस आणि पुदिना ज्या कुळातले, त्याच कुळातील ही बहुवर्षायू वनस्पती मूळची टेक्सास व मेक्सिको या भागांतील आहे आणि ऊन तिला नवे नाही. आपल्याकडे ती मरते ती बहुधा चुकीच्या वेळी दिलेल्या पाण्याने.

लागवड सोपी आहे. सप्टेंबरअखेर बी पेरावे किंवा ऑक्टोबरमध्ये रोप आणून १२ इंची मातीच्या कुंडीत लावावे, वीतभर वाढताच शेंडा खुडावा आणि सुकलेले तुरे काढत राहावे. कुंडीत निव्वळ काळी माती मात्र भरू नये, कारण ती ओली असताना मुळांना गुदमरवते आणि वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते, मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट तळाशी निघून जाते. माती, कन्हान नदीची जाड रेती आणि चांगले कुजलेले शेणखत समान प्रमाणात घ्यावे. फुलांच्या दांड्यांवर पिठासारखी पांढरट लव दिसते, ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, समजून औषध फवारू नये. तो या झाडाचा स्वभावच आहे आणि त्याच्या शास्त्रीय नावातला ‘फॅरिनेशिया’, म्हणजे पिठाळ, हा शब्द त्यावरूनच आला आहे.

खरी कसोटी एप्रिल ते जून. होळीच्या सुमारास झाड एक तृतीयांश छाटावे, म्हणजे ऊन तापण्याआधी नवी पालवी पक्की होते. मे महिन्यात कात्री लावू नये, कारण तेव्हा फुटलेले कोंब दोन दिवसांत करपतात. सकाळचे दहापर्यंतचे ऊन पुरे, त्यानंतर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी हवी. गच्चीवर कुंडीच्या भिंतीच तापतात आणि मुळे भाजतात, म्हणून कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत रेती भरावी आणि ती रेती ओली ठेवावी.

पाण्याच्या बाबतीत मी सलग दोन वर्षे झाडे गमावली. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी पाने लुळी पडलेली दिसली की मी लगेच पाणी घालत असे. आठवडाभरात खालची पाने पिवळी पडली, मातीलगत खोड काळे झाले, आणि उपटून पाहिले तेव्हा मुळांची साल बोटांत निसटून आली व आत दोऱ्यासारखा तंतू तेवढा उरला. ४५ अंशांच्या उन्हात पानांतून पाणी इतक्या वेगाने उडते की माती ओली असली तरी मुळांना तितका पुरवठा करता येत नाही आणि पाने लोंबतात. संध्याकाळी ती आपोआप सावरतात. अशा वेळी आधीच ओल्या, तापलेल्या मातीत आणखी पाणी ओतले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून दुपारी झाडाकडे पाहून काहीही ठरवू नये. सकाळी सहाला पाहावे. तेव्हा बोट दोन पेरे खुपसल्यावर माती कोरडी लागली, तर तळाच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत पाणी द्यावे, अन्यथा थेंबही घालू नये.

कूलरच्या टाकीत उरलेले पाणी ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून कुंड्यांना देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच मानू नये. कूलरमध्ये पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतात. कूलरच्या ताट्यांवर (बाजूच्या गवती जाळ्यांवर) जो पांढरा थर बसतो तोच पुढे मातीत साचतो आणि पानांच्या कडा तपकिरी होऊन जळतात. उन्हाळ्यात खतही देऊ नये.

पावसाळा लागताच कुंड्या विटांवर उचलून वळचणीखाली घ्याव्यात. सप्टेंबरमध्ये पुन्हा हलकी छाटणी करून मूठभर गांडूळ खत द्यावे, म्हणजे दिवाळीच्या सुमारास नवे तुरे येतात. दोन-तीन वर्षांत खोड लाकडासारखे होऊन फुले कमी होतात. तेव्हा त्याच सप्टेंबरच्या छाटणीतून फुले न आलेल्या शेंड्यांचे चार इंची तुकडे निवडावेत, खालची पाने काढून ते ओल्या रेतीत सावलीत खोचावेत आणि मुळे धरल्यावरच जुने झाड काढावे.