सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

दर वर्षी मे महिना जवळ आला की ओळखीतली दोन-तीन पोरं तरी विचारतात, ताई सोमनाथला जायचंय, काय काय न्यायचं, कसं जायचं, घरचे सोडत नाहीत काय करू. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यात सोमनाथ हा बाबा आमटेंचा प्रकल्प आहे, कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं करणाऱ्या महारोगी सेवा समितीचाच. साठच्या दशकाच्या अखेरीपासून इथं उन्हाळ्यात तरुणांची छावणी भरते, साधारण १५ ते २२ मे. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यानं आणि गटचर्चा, रात्री गाणी वगैरे. बाबांच्या डोक्यात इथं श्रमिकांचं विद्यापीठ उभं करायचं होतं, वर्गात बसून नाही तर हातात फावडं घेऊन शिकायचं असं. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून बाबांची जी भारत जोडो सायकल यात्रा निघाली, शंभरावर तरुण होते तिच्यात, त्यामागेही हाच विचार होता. आज वेगवेगळ्या संस्था-संघटनांमध्ये काम करणारी कितीतरी माणसं तुम्हाला सांगतील की सुरुवात सोमनाथला झाली.

आधी फॉर्म आणि तिकीट. छावणीचा फॉर्म कधी निघतो त्यावर मार्चपासूनच लक्ष ठेवा, त्या वर्षीच्या तारखा, फी, वयाची अट हे समितीकडूनच कन्फर्म करून घ्या, कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या जुन्या मेसेजवर जाऊ नका. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १४ मेला पोचायचं असेल तर मार्चच्या मध्यातच बसा, मे महिन्यात सुट्ट्या आणि लग्नं दोन्ही असतात, वेटिंगवर भरवसा ठेवू नका. चंद्रपूर किंवा बल्लारशाहला उतरायचं, तिथून एसटीनं मूल, मूलपासून सोमनाथ जवळच आहे. नागपूरवरूनही मूलला येता येतं. शक्यतो उजेडात पोचा, सगळा भाग जंगलाचा आहे.

आता घरच्यांचं. इथं खरी अडचण असते आणि ती ऊन किंवा प्रवासाची नसते. सोमनाथची शेती, तळी, बांध हे सगळं कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांनी उभं केलंय, हे ऐकलं की बऱ्याच घरात चेहरे बदलतात. माझ्या घरी आजी दोन दिवस बोलली नव्हती. चिडू नका, शांतपणे सांगा. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, पाप-शाप काही नसतं, औषध आहे, उपचार सुरू झाले की संसर्ग पसरायचा लवकरच थांबतो, आणि बरा झालेला माणूस कुणाला आजार देत नाही. बोटं झडलेली दिसतात ती जुन्या जखमांची खूण असते, संवेदना गेल्यामुळे भाजलेलं-कापलेलं कळत नाही म्हणून ती इजा होते. एवढं नीट सांगितलं की बहुतेक आईवडील ऐकतात. नाहीच ऐकलं तर आधी घरच्यांना घेऊन आनंदवन बघून या, वरोऱ्याला आहे, हा उपाय मी दोन घरांत लागू पडलेला बघितलाय.

सामानात फॅशन नको. पातळ सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्याला बांधायला मोठा दुपट्टा किंवा गमछा (टोपी वाऱ्यानं उडते आणि मानेला झाकत नाही), बंद बूट, दोन जोड जास्तीचे मोजे, चादर, टॉर्च, ताट-वाटी-पेला, दोन लिटरची बाटली, ओआरएसची पाकिटं, चालू असलेली औषधं. चंद्रपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास, पुण्या-मुंबईच्या माणसाला त्याचा अंदाजच येत नाही. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहायचं. डोकं गरगरलं, मळमळलं तर लाजून गप्प बसू नका, लगेच गटप्रमुखाला सांगा आणि सावलीत जा. बूट घालताना रोज झटकून घाला, विंचू असू शकतो. आणि पहाटे एकट्यानं झाडीकडे फिरायला जायचं नाही, या पट्ट्यात वाघ खरंच आहेत.

श्रमदानाबद्दल जरा जास्त लिहिते कारण पहिल्या दिवशी सगळे तिथंच चुकतात. पहाटे उठवतात, उन्हं चढायच्या आत काम व्हावं म्हणून. नवीन माणूस जोशात पहिल्या पंधरा मिनिटांत जीव तोडून कुदळ मारतो आणि अर्ध्या तासात हाताला फोड येऊन बसतो. मी तेच केलं. शेजारी प्रकल्पातले एक वयस्कर काका होते, हाताची बोटं अर्धीच राहिलेली, त्यांनी फावड्याच्या दांड्याला जुनं सुती फडकं गुंडाळलं होतं आणि हळूहळू, एका लयीत माती ओढत होते, थांबत नव्हते. माझा हात बघून म्हणाले, "पोरी, दांडा आवळू नको, नुसता धर." मग स्वतःचं फडकं फाडून अर्धं मला दिलं. त्या दिवसापासून मी दांडा सैल धरते, जोर हातानं नाही तर कमरेतून आणि पायातून लावते. घमेल्यांच्या साखळीत उभं राहाल तेव्हा घमेलं अर्ध्याच्या वर भरू देऊ नका, शेजाऱ्याकडे नुसती कंबर न पिळता पाय वळवून द्या, आणि समोरच्यानं पकडलं याची खात्री झाल्यावरच सोडा. साखळीत सगळ्यात दमलेल्या माणसाचा वेग तो सगळ्यांचा वेग. हे ज्या गटाला जमतं त्याचा बांध वेळेत होतो.

मित्रांचा ग्रुप घेऊन गेलात तरी वेगवेगळ्या गटात जा. प्लीज. कोकणातला पोरगा, मेळघाटची मुलगी, बेळगावची इंजिनिअर अशी माणसं एका ताटाच्या ओळीत बसतात, ते आठ दिवस आपल्याच कॉलेजच्या गप्पांत घालवायचे नाहीत. दुपारच्या सत्रात झोप येणार, सगळ्यांनाच येते, मागं टेकून बसू नका, वही घ्या आणि पटलं नाही ते उठून विचारा. फोन शक्य तेवढा बॅगेत ठेवा, घरी मात्र दिवसातून एकदा कळवा.

जेवण साधं असतं, भरपूर असतं, ताटात टाकू नका कारण तो तांदूळ, ती भाजी कुणी कशी पिकवली ते तुम्ही तिथं डोळ्यांनी बघणार आहात.

परतीचं तिकीट २२ च्या रात्रीचं अजिबात काढू नका. शेवटच्या दिवशी कुणाचाच पाय निघत नाही, आणि बरेच जण तिथूनच आनंदवनला किंवा पुढे आलापल्लीमार्गे हेमलकशाला जातात, १९७३ ला आदिवासींसाठी सुरू झालेला आमटेंचाच लोकबिरादरी प्रकल्प बघायला, तो रस्ता लांबचा आहे. दोन-तीन दिवस हातात ठेवा. आणि निघायच्या आधी आपण वापरलेली घमेली-फावडी धुऊन, मोजून, जागेवर लावून या, पुढं ती तिथल्याच माणसांना लागतात.