सोयाबीन-कपाशीला खत फेकू नका, मातीत गाडा

कोणतं खत, किती बॅगा, यावर आपल्याकडं पारावर तास-तास चर्चा होते पण ते पडायला कुठं पाहिजे हे कुणी बोलतच नाही. आपली काळी जमीन चुनखडीची, सामू (पीएच) बऱ्याच ठिकाणी 8 च्या वर, त्यात स्फुरद (फॉस्फरस) चुन्याला धरून बसतं नी जागचं हलत नाही, म्हणजे वर फेकलेलं डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) वरच राहतं, मुळ्या खाली. नी युरिया उघडा पडला की त्याचा अमोनिया होऊन उडून जातो.

सोयाबीनला खत बियाच्या 2 इंच बाजूला नी 2 इंच खाली पडलं पाहिजे. पेरायच्या आधी ट्रॅक्टरवाल्याला खाली उतरवून बघा, खताची नी बियाची नळी एकाच फणात (माती चिरणाऱ्या दात्यात) सोडलीय का. माझ्या दीड एकरात तसंच होतं, मी बघितलं नाही, पेरलं नी पावसानं आठ दिवस दडी मारली, ओल कमी नी खत बियाला चिटकून, खताच्या क्षारानं बियाची ओलच ओढून घेतली, काकऱ्याच्या काकऱ्या (पेरलेल्या ओळी) रिकाम्या. दुबार पेरावं लागलं, अजून वाईट वाटतं.

परभणी कृषी विद्यापीठाची सोयाबीनला शिफारस हेक्टरी 30 किलो नत्र (नायट्रोजन), 60 किलो स्फुरद, 30 किलो पालाश (पोटॅशियम) आहे, एकराला डीएपीची 50 किलोची एक बॅग नी 20 किलो पोटॅश खतात जवळपास भागतं, गंधक वेगळं द्या. आता यंत्र बरोबर सोडतंय का ते असं तपासा: खताच्या तीन नळ्यांना पन्नीच्या पिशव्या बांधा, 100 फूट चालवा, वजन करा. दोन काकऱ्यांत दीड फूट अंतर नी एकरी 50 किलो पडायचं असेल तर तिन्ही पिशव्या मिळून 515 ग्रॅमच्या आसपास भरल्या पाहिजेत, म्हणजे नळीमागं 170. एका पिशवीत कमी आलं तर ती नळी चोंदलीय, डीएपी दमट झालं की हमखास होतं हे.

कपाशीला लोक बुडाशी चिमूट टाकून पुढं जातात, तसं नको. महिन्याच्या झाडाला बुडापासून 4-5 इंचावर खुरप्यानं खड्डा करून खत टाका नी लगेच मातीनं झाका, झाड मोठं झालं की अंतर वाढवा कारण खाणाऱ्या मुळ्या बाहेर सरकतात. उताराचं रान असेल तर चढाच्या अंगाला टाका, पाण्याबरोबर झाडाकडं उतरतं. मजूर नसेल तर काकरीच्या कडेनं खत सोडून मागोमाग कोळपं (ओळींमधली माती हलवायचं अवजार) मारा, पण वापसा (माती ना चिखल ना कोरडी) पाहिजे, कोरड्यात उपयोग नाही.

ठिबक असेल तर युरिया बिनधास्त सोडा, डीएपी मात्र टाकीत घोळू नका, ड्रिपर चोकअप होतात, स्फुरदासाठी 12:61:0 हे पाण्यात विरघळणारं खत घ्या नी त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट कधीच मिसळू नका, खाली चुन्यासारखा गाळ बसतो.