कबुलीजबाबाचे फेरफार कसे वाचावेत

रत्नागिरीतील आमच्या वाचन मंडळात युद्धगुन्हेगार स्त्रियांचा विषय निघाला की ‘बाईमाणूस असून असं कसं केलं?’ हा प्रश्न हमखास येतो. अभ्यासाला बसताना तो बाजूला ठेवावा, कारण ती कोणाच्या तरी नादी लागली असणार, हे त्यात आधीच गृहीत धरलेले असते. रवांडाच्या पॉलिन न्यिरामासुहुको तर महिला व कुटुंब कल्याण मंत्री होत्या आणि २०११ मध्ये त्या नरसंहार व बलात्काराच्या गुन्ह्यांत दोषी ठरल्या.

कबुली वाचताना आपल्याकडची जमीन पाहण्याची रीत उपयोगी पडते. कोकणातला जाणता माणूस चालू सातबाऱ्यावर विसंबत नाही. तो मागचे फेरफार, म्हणजे हक्क कसे बदलत आले याच्या नोंदी, काढतो. बोस्नियातील सर्ब नेत्या बिल्याना प्लाव्शिच यांचे फेरफार असे आहेत: जीवशास्त्राच्या प्राध्यापक असूनही त्यांनी युद्धकाळात बोस्नियातील मुस्लिमांना आनुवंशिकदृष्ट्या बिघडलेले ठरवले, ऑक्टोबर २००२ मध्ये हेगच्या, माजी युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायाधिकरणापुढे मानवतेविरुद्धचा एक गुन्हा कबूल केला, तेव्हा नरसंहारासह उरलेले आरोप मागे घेतले गेले, फेब्रुवारी २००३ मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली, आणि २००९ च्या आरंभी, स्वीडनच्या तुरुंगातून, आपण काहीच चुकीचे केले नव्हते, असे त्यांनी एका नियतकालिकाला सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या सुटल्या. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि त्या वेळी पदरात काय पडणार होते, हे लिहावे. माघारीलाही हाच नियम लावावा, नाहीतर शेवटचे बोलणे तेच खरे, असे आपण मानून बसतो.

यानंतर क्रियापदे तपासावीत. देवळातल्या गाऱ्हाण्यात ‘काय चूकभूल झाली असेल ती पदरात घे’ असे म्हणतात. चूक कोणती, कोणाची, हे तिथे सांगावे लागत नाही. (देवाला ते चालते.) न्यायालयीन कबुलीत मात्र ‘झाली’ आणि ‘केली’ यांतले अंतर फार मोठे असते. प्लाव्शिच यांनी कबुलीनंतर न्यायाधिकरणापुढे केलेल्या निवेदनाचा सर्वांत मोलाचा भाग भीतीविषयीचा आहे: दुसऱ्या महायुद्धातील सर्बांच्या कत्तलींच्या स्मरणातून, पुन्हा बळी व्हायचे नाही, या ध्यासापायी आपणच इतरांना बळी केले, असे त्यांनी मांडले. माझ्या मते हे कारण खरे असू शकते आणि तरीही अपुरे आहे, कारण त्यातला कर्ता बहुतांशी ‘आम्ही’ आहे आणि इतर आरोपींविरुद्ध साक्ष देण्यास त्यांनी नकार दिला होता.

म्हणून मंडळात हे निवेदन आम्ही पीडितांच्या साक्षी वाचून झाल्यावरच हाती घेतो.