व्हॉल्व्हचा जुना हॅम सेट पुन्हा उभा करताना या चुका टाळा

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) रिसीव्हर टेबलावर आला की हात आपोआप प्लगकडे जातो. डायलचा दिवा लागतोय का, स्पीकरमधून निदान खरखर तरी येतेय का, एवढंच बघायचं असतं. याच घाईत माझ्या हातून एका चांगल्या सेटचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला. "ठेवला तेव्हा चालू होता" असं देणाऱ्याने सांगितलं, मी विश्वास ठेवला आणि स्विच दाबला. दोनेक मिनिटं खरोखर आवाज आला. मग गुणगुण वाढत गेली, तापलेल्या मेणाचा वास सुटला, आणि वाकून बघतो तर आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट (आतला धातूचा पत्रा) निखाऱ्यासारखी लाल. स्विच बंद करेपर्यंत ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटली होती. दोष होता एका कागदी कपॅसिटरचा. तो बदलायला दहा मिनिटं पुरली असती.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: सेटला वीज मिळण्याआधी त्याला मीटर लागला पाहिजे.

थेट प्लग लावणं

पहिल्या दिवशी वीज नाहीच. आधी मेन्सची वायर वाकवून बघा. रबराचं आवरण असेल तर ते बिस्किटासारखं तुटतं, आणि तीच गत ट्रान्सफॉर्मरमधून निघणाऱ्या तारांची असू शकते. फ्यूज कुठला बसवलाय ते पाहा; आधीच्या कुणीतरी चांदीचा कागद गुंडाळलेला मी स्वतः पाहिलाय. प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या जागी आहे का, हे मॅन्युअलशी ताडून घ्या. मग बी-प्लस लाइन (व्हॉल्व्हच्या प्लेटांना जाणारं मोठं डीसी व्होल्टेज) आणि चॅसी (सेटचा धातूचा सांगाडा) यांच्यामधला रोध मोजा. तो काहीशे ओहमच निघाला, तर आत काहीतरी शॉर्ट आहे आणि पुढे जायचं कारण नाही.

पहिली वीज द्याल तेव्हा सेटच्या मालिकेत ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि सेट वाचतो. इथे एलईडीचा बल्ब उपयोगाचा नाही. तापल्यावर रोध वाढणारी तार हाच या युक्तीचा प्राण आहे.

आता व्हेरिअ‍ॅकचा, म्हणजे मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा, घोळ. "हळूहळू व्होल्टेज वाढवा, म्हणजे फिल्टर कपॅसिटर जागे होतील" हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो अर्धवट आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा पातळ थर वर्षानुवर्षं वापर नसल्याने कमकुवत होतो, कमी व्होल्टेजपासून चढत गेलं की तो काही प्रमाणात पुन्हा बनतो, इथपर्यंत खरं. पण सेटमध्ये ५यू४ किंवा ५वाय३ सारखा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) व्हॉल्व्ह असेल, तर व्हेरिअ‍ॅक ४० टक्क्यांवर असताना त्याचं फिलामेंटही नीट तापलेलं नसतं. म्हणजे कपॅसिटरला काहीच मिळत नाही. तुम्ही दोन तास थांबून समाधानाने पुढे जाता, फिलामेंट तापतं, आणि कपॅसिटरवर एकदम दोनशे व्होल्ट येऊन आदळतात. कपॅसिटर खरोखर जिवंत करायचाच असेल, तर तो सर्किटमधून सोडवा आणि वेगळ्या डीसी सप्लायवर, मालिकेत दहा-वीस किलोओहमचा रेझिस्टर ठेवून, टप्प्याटप्प्याने चढवा. रेझिस्टरवरचा व्होल्टेज हीच गळतीची नाडी. तो तासाभरात उतरत नसेल तर त्या कपॅसिटरचा नाद सोडा.

माझं मत विचाराल तर, रोज वापरायच्या सेटमध्ये जुने इलेक्ट्रोलिटिक ठेवूच नका. डबा दिसायला सुंदर असतो म्हणून वर तसाच राहू द्या, नवे कपॅसिटर खाली लावा. पण जुन्याच्या तारा सोडवा. जुना तसाच ठेवून त्याला समांतर नवा जोडणं ही फार नेहमीची चूक आहे. गुणगुण थांबते, गळती मात्र चालूच राहते.

कपॅसिटर: काय बदलायचं, काय नाही

कागदी कपॅसिटर सगळे बदला, मेणाचे असोत की काळ्या प्लास्टिकचे. त्यातही सर्वांत आधी तो, जो ऑडिओच्या पहिल्या टप्प्याची प्लेट आणि आउटपुट व्हॉल्व्हची ग्रिड (करंटवर ताबा ठेवणारी जाळी) यांच्यामध्ये बसतो. तो गळला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह बेफाम करंट खेचतो आणि वर सांगितलेली माझी गोष्ट तुमच्याकडे घडते. तपासायला सोपं आहे: आउटपुट व्हॉल्व्ह काढा, सेट चालू करा आणि ग्रिडच्या रेझिस्टरवर डीसी मोजा. अर्धा व्होल्ट जरी पॉझिटिव्ह दिसला तरी कपॅसिटर गेला समजा. हीटर मालिकेत असलेल्या सेटमध्ये ही तपासणी चालत नाही. एक व्हॉल्व्ह काढला की सगळेच विझतात.

सिरॅमिक आणि चांदीच्या अभ्रकाचे कपॅसिटर मात्र सहसा ठणठणीत असतात. ते उगाच बदललेत तर ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी सरकते, आणि तो नवा बिघाड तुम्ही स्वतः तयार केलेला असतो. अपवाद एकच: काही आयएफ (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) ट्रान्सफॉर्मरच्या बुडाशी अभ्रकाच्या पातळ पत्र्याचे कपॅसिटर दडवलेले असतात. त्यांची चांदी काळाबरोबर पसरते आणि रिसीव्हरमध्ये वीज कडाडल्यासारखा आवाज येत राहतो, अँटेना काढली तरी.

मूल्य वाचताना जपा. जुन्या सर्किट-आकृतीत "एमएमएफ" लिहिलेलं असतं, तो पिकोफॅरड. "एमएफ" म्हणजे मायक्रोफॅरड. यात गल्लत झाली की दहा लाखपटीचा फरक पडतो.

"मोठा तितका चांगला" हा विचार फिल्टर कपॅसिटरला लावू नका. ५वाय३ सारख्या व्हॉल्व्हसाठी पहिला फिल्टर १०-२० मायक्रोफॅरडच्या आसपास धरलेला असतो. तिथे १०० लावलात, तर प्रत्येक सायकलला होणारा चार्जिंगचा झटका रेक्टिफायरला झेपत नाही. तसाच प्रकार रेक्टिफायर काढून सिलिकॉन डायोड घालण्याचा. व्हॉल्व्हमध्ये पडणारे चाळीस-पन्नास व्होल्ट वाचतात, ते बी-प्लसवर चढतात. शिवाय बाकीचे हीटर तापायच्या आधीच पूर्ण व्होल्टेज येतं. डायोड घालायचेच असतील तर मालिकेत रेझिस्टर हवा आणि कपॅसिटरची व्होल्टेज क्षमता नव्याने तपासायला हवी.

कार्बनच्या रेझिस्टरबद्दल थोडक्यात: त्यांचं मूल्य वयाबरोबर वाढतं. एक बाजू सोडवून मोजा. २० टक्क्यांच्या पलीकडे गेलेले बदला, बाकीचे राहू द्या.

मॅन्युअलमधले आकडे आणि आजचा मीटर

"सगळीकडे व्होल्टेज जास्त दाखवतोय" ही तक्रार मी कितीदा ऐकली असेल. पुष्कळदा सेट ठीक असतो. मॅन्युअलमधला तक्ता ज्या मीटरने काढला त्याची संवेदनशीलता कधी प्रतिव्होल्ट १,००० ओहम असायची. २५० व्होल्टच्या रेंजवर असा मीटर म्हणजे सर्किटला लावलेला अडीच लाख ओहमचा रेझिस्टर. जिथे प्लेटचा रेझिस्टरच तेवढा मोठा आहे, तिथे मीटर लागताच व्होल्टेज खाली बसतं आणि तोच बसलेला आकडा तक्त्यात छापला जातो. आजचा डिजिटल मीटर एक कोटी ओहमचा, तो खरं व्होल्टेज दाखवतो. तक्त्याच्या वर किंवा खाली कुठला मीटर वापरला ते बहुधा लिहिलेलं असतं. आधी ते वाचा.

मेन्सही तपासा. ११७ व्होल्टसाठी बांधलेला सेट १२५ व्होल्टवर चालवला की ६.३ व्होल्टचे हीटर ६.७ वर जातात आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर उगाच तापतो. ६.३ व्होल्टची सेकंडरी असलेला एक छोटा ट्रान्सफॉर्मर उलट्या फेजने मालिकेत जोडला की काम होतं. २३० वरून स्टेप-डाउन करून चालवत असाल, तर त्याचं आउटपुट सेट चालू असताना मोजा, रिकामं नव्हे.

दिसेल तो स्क्रू फिरवणं

सेटचा आवाज कमी वाटला की आयएफ ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू फिरवण्याचा मोह होतो, आणि जवळपास प्रत्येक वेळी तो महागात पडतो. आयएफ आपोआप फार सरकत नाही. संवेदनशीलता गेली असेल तर कारण बहुधा गळका एव्हीसी (आवाजाची पातळी आपोआप सावरणाऱ्या सर्किटचा) कपॅसिटर, वाढलेला स्क्रीन रेझिस्टर किंवा मळलेला वेव्ह-चेंज स्विच असतं. ते सगळं झाल्यावर, सेट किमान अर्धा तास तापवून, सिग्नल जनरेटर ४५५ किलोहर्ट्झवर (किंवा मॅन्युअल सांगेल त्या फ्रिक्वेन्सीवर) ठेवून, प्लास्टिकच्या दांडीने ट्यूनिंग करा. धातूचा स्क्रू ड्रायव्हर आत गेला की ट्यूनिंग बदलतं, बाहेर काढला की पुन्हा बदलतं. कोर घट्ट बसला असेल तर जोर लावू नका. तो फुटला की तसा ट्रान्सफॉर्मर शोधत बसावं लागतं.

स्विचवर क्लीनरचा फवारा मारू नका. संपर्काची पाती जिथे बसतात ती पातळ चकती (वेफर) द्रव शोषते आणि मग तिथूनच गळती होते. कापसाच्या काडीला थेंबभर लावा, संपर्काच्या पात्यांवरून फिरवा, स्विच वीसेकदा मागेपुढे करा. डायलच्या काचेची मागची बाजू ओल्या कापडाने पुसू नका. अक्षरं तिथेच छापलेली असतात आणि कापडाबरोबर निघून येतात.

जीवावर बेतणाऱ्या चुका

हॅलिक्राफ्टर्सचा १९४६ चा एस-३८ पाहा. पॉवर ट्रान्सफॉर्मर नाही, हीटर मालिकेत, आणि मेन्सची एक तार थेट आतल्या सर्किटला. अशा सेटवर काम करताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. साधा व्हेरिअ‍ॅक आयसोलेशन देत नाही, हे विसरून अनेकांनी झटके खाल्लेत. ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटमध्येही मेन्स आणि चॅसी यांच्यामध्ये जुना कागदी कपॅसिटर असतो. त्याच्या जागी वाय वर्गाचा सुरक्षा कपॅसिटर लावा, तीन तारांची केबल घाला आणि फ्यूज फेजच्या तारेत ठेवा.

ट्रान्समीटरमध्ये गोष्ट आणखी गंभीर होते. स्विच बंद केला म्हणजे वीज गेली असं नाही. कपॅसिटर रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर तुटलेला असू शकतो, आणि तो तुटलाय हे बाहेरून कळत नाही. झाकण उघडल्यावर लाकडी दांड्याला बांधलेला, चॅसीला जोडलेला धातूचा हूक बी-प्लसवर टेकवा आणि काम संपेपर्यंत तिथेच अडकवून ठेवा. कॅथोड की-इंग (मोर्सची की थेट व्हॉल्व्हच्या कॅथोडच्या मार्गात) असलेल्या जुन्या सेटमध्ये मोर्सच्या कीवरच शंभराहून अधिक व्होल्ट असू शकतात. तिथे आजचा इलेक्ट्रॉनिक कीअर थेट जोडलात तर तो जळेल. मध्ये रिले घाला.

अँटेनाच्या टोकाला समांतर बसवलेला छोटा आरएफ चोक "काही काम करत नाही" म्हणून काढू नका. प्लेटचा ब्लॉकिंग कपॅसिटर फुटला तर पूर्ण हाय व्होल्टेज अँटेनाच्या तारेवर येतं. तेव्हा तो चोक ते जमिनीला उतरवतो आणि फ्यूज उडतो. तुमचा जीव त्याच्यावर आहे.

तेलाने भरलेले जुने कपॅसिटर गळत असतील तर उघड्या हाताने शिवू नका, त्या तेलात पीसीबी असू शकतं. आणि लष्करी सेटच्या अंधारात चमकणाऱ्या डायल खरवडू नका, त्यात रेडियम असतं.

ट्रान्समीटर ट्यून करताना

एक साधं गणित मांडतो. आउटपुटला दोन ६१४६ व्हॉल्व्ह, प्लेटवर ७५० व्होल्ट, करंट २५० मिलिअँपिअर: म्हणजे जवळपास १८७ वॅट आत जातात. ट्यून असताना त्यातले बरेचसे अँटेनाकडे निघून जातात. ट्यून नसताना सगळेच्या सगळे प्लेटवर उष्णता होऊन बसतात, आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिळून झेलू शकतात ५० वॅट. म्हणून डिप (ट्यून जुळल्यावर प्लेटचा करंट खाली येतो तो बिंदू) शोधताना की दहा सेकंदांहून जास्त दाबून ठेवू नका, मग तितकीच उसंत द्या. सराव डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) करा. बल्ब लोड म्हणून लावू नका. त्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो, आणि तिथे जुळवलेलं ट्यूनिंग अँटेनावर फसतं.

६१४६ च्या जागी ६१४६बी बसते, पाया तोच, हीटरचं व्होल्टेज तेच. पण आतली कपॅसिटन्स वेगळी असल्याने न्यूट्रलायझेशन (प्लेटकडून ग्रिडकडे परतणारा सिग्नल रद्द करणं) पुन्हा करावं लागतं. ते न करता चालवलं की फायनल (ट्रान्समीटरचा शेवटचा पॉवर टप्पा) स्वतःच ऑसिलेट होऊ लागते आणि माणूस नव्या व्हॉल्व्हला दोष देतो. जोडीत एक साधी आणि एक बी असं मिश्रण तर नकोच.

८६६ए सारखे पाऱ्याच्या वाफेचे रेक्टिफायर असतील तर फिलामेंट आधी, हाय व्होल्टेज नंतर. रोजच्या वापरात अर्धा मिनिट पुरतो. सेट हलवला असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर किमान पंधरा मिनिटं फक्त फिलामेंट चालू ठेवा, म्हणजे प्लेटवर उडालेला पारा खाली बसेल. त्यांचा निळा प्रकाश अगदी निरोगी असतो. इतर व्हॉल्व्हमध्ये काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळसर झाकही निरुपद्रवी. पण इलेक्ट्रोडांच्या मधोमध जांभळट-गुलाबी धुगधुग दिसली तर आत वायू शिरलाय. आणि वरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर तो व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये घालूच नका.

एएमवर (आवाजाने कॅरिअरची ताकद बदलून) बोलणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्या. फायनल बंद असताना मॉड्युलेटर (आवाज कॅरिअरवर चढवणारा भाग) कधीही चालवू नका: लोड नसलेल्या मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं चढतं की आतल्या आत ठिणगी पडते, आणि त्या ट्रान्सफॉर्मरची बदली मिळणं फार अवघड. दुसरं, २५ वॅटची कॅरिअर पूर्ण मॉड्युलेशनला १०० वॅटच्या शिखरावर जाते. मागे लावलेला ट्यूनर किंवा लिनिअर (पॉवर वाढवणारा जोडसेट) त्या शंभराच्या हिशेबाने निवडा.

परवाना हातात असला आणि सेट हवेत न्यायची वेळ आली, की पहिला रिपोर्ट मोर्सवरच घ्या, कारण सूर खोटेपणा लपवत नाही. "चिर्प आहे" (की दाबताच सूर घसरतोय) असं कुणी कळवलं तर आधी की दाबल्यावर ऑसिलेटरचं व्होल्टेज किती पडतं ते मोजा. ते पडत नसेल तर क्रिस्टलवर जास्त करंट जातोय का ते पाहा. सूर हळूहळू सरकत असेल तर घाई नको, अर्धा-पाऊण तास सेट तापू द्या आणि पुन्हा विचारा. त्यानंतरही सरकत राहिला, तर ऑसिलेटरच्या खोक्यात, पहिल्याच दिवशी उगाच बदललेला एखादा कपॅसिटर शोधा.